बिघडलेले खेळयंत्र : दुरुस्ती की नवी खरेदी?

(ग्राहकशिक्षण शिबिरात शिक्षक, ग्रामसेवक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्राहकशिक्षणाच्या व्यासपीठावरून शेतीपंप, शिलाईयंत्र, पंखा किंवा दूरदर्शन संच यांच्याविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मुलांसाठी घेतलेल्या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा विषय अशा ठिकाणी निघाला, तर तो काहींना हलका वाटण्याचा संभव आहे. तथापि प्लेस्टेशन ५ हे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या रकमेची वस्तू मध्यम स्थितीतील कुटुंबात सहजासहजी येत नाही. ती हप्त्यांनी येते, दिवाळीच्या बोनसातून येते, किंवा परदेशी असलेल्या काकांच्या पेटीतून येते. म्हणूनच ती बंद पडते, तेव्हा घरात जो प्रसंग उभा राहतो तो लहानसा नसतो.

हा प्रसंग बहुतेक घरी सारखाच असतो. संध्याकाळी मुलगा बटण दाबतो. दिवा लागतो, पंख्याचा आवाजही येतो. पण पडदा काळाच राहतो. वडील म्हणतात, टाकून द्या, अभ्यासाला मोकळा होईल. आई म्हणते, चौकातल्या मोबाईलवाल्याला दाखवून पाहू. मामा म्हणतात, आता नवीनच घ्या, जुन्याला हात लावण्यात अर्थ नाही. मुलगा काहीच बोलत नाही. कारण आपल्याच हातून काही घडले असावे, ही धास्ती त्याला आतून खात असते. या चौघांपैकी एकालाही यंत्राला नेमके काय झाले आहे हे ठाऊक नसते. निर्णय मात्र रात्रीच्या जेवणापूर्वी होऊन जातो.

वास्तविक प्रथम विचारावयाचा प्रश्न किमतीचा नसून बिघाडाचा आहे. यंत्राच्या बाहेरच्या भागातील बिघाड, यंत्राच्या कडेचा बिघाड आणि यंत्राच्या गाभ्यातील बिघाड या निरनिराळ्या गोष्टी आहेत. पडदा मात्र तिन्ही वेळी काळाच दिसू शकतो.

बाहेरच्या बिघाडाचे एक उदाहरण मराठी कुटुंबांच्या विशेष परिचयाचे आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील अनेक घरांतील मुलेमुली अमेरिकेत स्थायिक झालेली असून येताना ती भाच्यापुतण्यांसाठी खेळयंत्र आणतात. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. प्लेस्टेशन ४ व ५ यांचा आतला वीजपुरवठा दोन्ही ठिकाणी चालेल असा केलेला असतो. परंतु निन्टेन्डो वी किंवा एक्सबॉक्स ३६० यांच्यासोबत अमेरिकेत मिळणारा विटेसारखा अडॅप्टर केवळ तेथील विजेसाठीच असे. तो आपल्या भिंतीतील सॉकेटला लावताच जळतो. घरचे लोक यंत्रच जळाले असे समजून हळहळतात. पुष्कळदा जळालेली असते ती केवळ वीट. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे की नाही, हे पाहण्यास भिंगाखेरीज कशाचीही गरज लागत नाही. योग्य व्होल्टचा भारतीय अडॅप्टर मिळवून लावला, तर मेलेले म्हणून माळ्यावर टाकलेले यंत्र पुन्हा चालू होण्याचा चांगला संभव असतो.

पूर्वीच्या पिढीला आठवत असेल, की १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने फॅमिली कॉम्प्युटर नावाचे यंत्र काढले आणि पुढे त्याच्या असंख्य नकला आपल्याकडील जत्रांतून व इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून विकल्या गेल्या. त्यांना गावोगावी टीव्ही गेम म्हणत. त्यांची कॅसेट चालली नाही, की मुले तिच्या तोंडाशी फुंकर घालीत आणि ती पुन्हा घातल्यावर खेळ सुरू झाला, तर फुंकरीला श्रेय देत. खरे पाहता खेळ सुरू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या कालांतराने गंजत, आणि कंपनीनेही फुंकर घालू नये असेच सांगितले होते. अशा स्वस्त नकली यंत्राची वायर तुटली, अडॅप्टर गेला किंवा हातातील बटणाखालचे रबर झिजले, तर दुरुस्ती अवश्य करावी. परंतु त्याच्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा जो गोल थेंब दिसतो, त्याच्याखाली सगळे यंत्र एका चिपमध्ये कोंडलेले असते. बिघाड त्या थेंबाखाली असेल, तर जगातील कोणीही कारागीर तो सोडवून देणार नाही.

आता यंत्राच्या कडेच्या बिघाडाकडे वळू. पडदा काळा राहण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे दूरदर्शन संचाची तार जेथे खोचली जाते, ते एचडीएमआय सॉकेट. त्यात १९ बारीक पिना असतात. कोणी तार तिरपी ओढली, अंधारात उलटी खोचली किंवा झाडलोट करताना यंत्र सरकले, तर एखादी पिन वाकते. हे सॉकेट डाखाने पट्टीला जोडलेले असते. गरम हवेच्या यंत्राने जुने काढून नवे बसविणे, हे मोबाईलचे काम नीट शिकलेल्या कारागिराच्या आवाक्यातील आहे. या कामात महाग असतो तो हात. सॉकेट स्वस्त असते. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीचा पालिका बाजार, सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर येथे असे हात सापडतातच. पण तालुक्याच्या गावीही ते सापडू लागले आहेत. मात्र कारागिराकडे जाण्यापूर्वी दुसरी तार आणि शेजाऱ्याचा दूरदर्शन संच लावून पाहण्याचे कष्ट घ्यावेत. तार खराब असताना यंत्र उघडले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि उघडल्याची मजुरी द्यावीच लागते.

खेळण्याच्या दांड्याचा बिघाड असाच कडेचा. मार्च २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच या यंत्राच्या दांड्यांविषयी जगभर तक्रार झाली, की बोट न लावताही पडद्यावरील पात्र आपोआप एका बाजूस चालू लागते. दांड्याच्या आत कार्बनचा लेप दिलेली पट्टी असते व तिच्यावर धातूचे टोक घासत असते. लेप झिजला, की यंत्राला दांडा कलल्याचा भास होतो. याबाबत २०१९ मध्ये अमेरिकेत दावे झाले, जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या प्रयत्नांनंतर युरोपात ही दुरुस्ती हमीची मुदत संपल्यावरही विनामूल्य करून देण्याचे ठरले. भारतातील ग्राहकाला या निर्णयाचा थेट लाभ नाही. येथे आलेली ती यंत्रे बहुशः परस्पर आयातीची होती. पण यावरून एवढे कळते, की दांडा बिघडला म्हणून मुलाच्या आदळआपटीलाच दोष देणे प्रत्येक वेळी न्याय्य नसते. दांड्याचा सुटा भाग मिळतो, आणि त्यासाठी सगळे यंत्र बदलणे म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून नवी चप्पल घेण्यासारखे आहे.

गाभ्यातील बिघाडाची गोष्ट निराळी असून तेथेच ग्राहक सर्वाधिक फसतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत व २००६ मध्ये भारतात आले. थोड्याच दिवसांत बटणाभोवतीच्या कड्यात तीन तांबडे दिवे लागून यंत्र बंद पडण्याचे प्रकार इतके वाढले, की जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडापुरती हमी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. बिघाडाचे मूळ उष्णतेत होते. यंत्र तापते आणि निवते. तापताना निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या मानाने प्रसरण पावतात. शेकडो वेळा असे झाल्यावर मुख्य चिपला जोडणारे सूक्ष्म सांधे तडकतात. प्रथम बराच काळ असा समज होता, की दोष चिपच्या खालच्या, शिसेविरहित डाखाचा आहे. कंपनीच्याच अभियंत्यांनी २०२१ मधील माहितीपटात सांगितले, की तुटत होते ते चिपच्या पोटातील सांधे.

हा फरक पांडित्याचा वाटेल. पण ग्राहकाचा पैसा नेमका याच फरकावर बुडतो. त्या काळी कोणी बंद पडलेले यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवीत, कोणी गरम हवेचा झोत देत, आणि काय आश्चर्य, यंत्र चालू होई! तडकलेला सांधा उष्णतेने फुगून क्षणभर टेकतो, एवढाच त्याचा अर्थ. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तो पुन्हा सुटतो. चिपखालचे डाखाचे गोळे बदलून देतो असे सांगून बरीच मोठी रक्कम घेणारे कारागीरही होते व आहेत. त्यांतील अनेक जण प्रामाणिक असतात. परंतु दोष चिपच्या पोटात असेल, तर खालचे गोळे बदलून रोग जात नाही. म्हणून मुख्य चिपचे काम निघाले, की कारागिराला एकच प्रश्न विचारावा : किती महिन्यांची हमी लिहून देता? सात दिवस, असे उत्तर आले तर ते उत्तर पुरेसे आहे. यंत्र घरी आणावे.

उष्णतेचाच सौम्य प्रकार म्हणजे धूळ. उन्हाळ्यात, बंद कपाटात, क्रोशाचे विणकाम केलेल्या आच्छादनाखाली चालणारे यंत्र गुदमरते आणि स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. पंखा व जाळी स्वच्छ करणे, चिप व धातूचा तवा यांमधील वाळलेला लेप बदलणे, इतक्याने पुष्कळ यंत्रे सुधारतात. तथापि येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये या लेपाच्या जागी पाऱ्यासारखा दिसणारा द्रव धातू वापरलेला असतो. तो सांडून पट्टीवर गेला, तर चांगले असलेले यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. शिवाय आतील वीजपुरवठ्यातील कपॅसिटरमध्ये तार काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार राहतो. शाळेतील हुशार विद्यार्थ्याला प्रयोग म्हणून घरी हे उघडू देऊ नये. त्याला हौस असेल, तर त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा व्यवसाय शिकावा. तेथे ही हौस पोटही भरते.

काही वेळा कारागीर हुशार असूनही हतबल होतो, कारण कंपनीने भागांना एकमेकांशी बांधून ठेवलेले असते. अनेक प्लेस्टेशन यंत्रांत तबकडी वाचणारी पेटी बिघडली व तिच्या जागी दुसऱ्या यंत्रातील पेटी आणून बसविली, तर यंत्र तिला ओळखत नाही. मूळची पट्टी नव्या पेटीत बसवावी लागते. ती पट्टीच गेली असेल, तर त्या यंत्रावर तबकडीचे खेळ चालणे कठीण. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत स्वामित्वहक्काच्या कायद्याला जो अपवाद मिळाला, तो खेळयंत्रांतील याच एका भागाच्या दुरुस्तीपुरता मिळाला. आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तेव्हा त्यातून खेळयंत्रे वगळली गेली. विदेशातील कायदा येथे लागू नाही. परंतु शेजारचा कारागीर भाग मिळत नाही म्हणतो, तेव्हा तो दर वेळी सबब सांगत नसतो, हे ध्यानात यावे म्हणून एवढा उल्लेख.

कधी क्षुल्लक वस्तूही मोठ्या यंत्राला अडवून धरते. प्लेस्टेशन ४ च्या आत घड्याळासाठी रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. ती संपली आणि त्याच वेळी कंपनीच्या केंद्राशी संपर्क नसेल, तर खेळ सुरूच होत नाहीत, असे आढळून आले होते. सप्टेंबर २०२१ मधील सुधारित प्रणालीने हा दोष दूर झाला. ज्यांचे यंत्र तेव्हापासून इंटरनेटला जोडलेलेच नाही, अशा खेड्यापाड्यांतील घरी तो अजूनही उद्भवू शकतो. आणि त्यावरचा उपाय किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलच्या किमतीचा आहे.

बिघाड कळल्यावर मग हिशेब. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या निम्म्या किमतीहून अधिक झाला तर नवी घ्यावी, असा एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. निम्मी किंमत कशाची? सहा वर्षांपूर्वी मोजलेल्या रकमेची नव्हे, नव्या नमुन्याच्या आजच्या किमतीचीही नव्हे. तुलना करावयाची ती तशाच स्थितीतील, तशाच वयाच्या यंत्राच्या बाजारभावाशी. समजा, जुन्या प्लेस्टेशन ४ चे सॉकेट तीन महिन्यांच्या हमीसह ३,००० रुपयांत बदलून मिळत आहे आणि तसेच वापरलेले यंत्र बाजारात १४,००० रुपयांस मिळते. येथे दुरुस्तीच करावी; वापरलेले दुसरे यंत्र घेण्यात त्याचे गुप्त दोषही विकत घेतले जातात. पण त्याच यंत्राची तबकडीची पेटी आधीच अडखळत असेल व पंखा रात्रभर घोंगावत असेल, तर ३,००० हा आकडा खरा नाही. येत्या वर्षभराचा खर्च त्यात धरावा आणि मगच तुलना करावी.

नव्या यंत्राच्या बाजूलाही काही रकमा लपलेल्या असतात. प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक सर्व तबकड्या प्लेस्टेशन ५ वर चालतात. मात्र त्याचा जो स्वस्त नमुना आहे, ज्याला तबकडीची पेटीच नसते, त्यावर आहे त्या स्थितीत घरातील एकही तबकडी चालणार नाही. काही रुपये वाचविण्यासाठी तो घेतला, तर कपाटातील तबकड्या शोभेच्या होतात. प्लेस्टेशन ३ च्या तबकड्या तर पुढच्या यंत्रावर चाललेल्याच नाहीत. तबकडीवाचून परस्पर इंटरनेटवरून घेतलेल्या खेळांची स्थिती आणखी नाजूक आहे. निन्टेन्डोने ३डीएस व वी यू या यंत्रांची खेळांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद केले. अशा यंत्राच्या बाबतीत दुरुस्तीला पर्यायच नाही असेही म्हणता येईल. कारण बंद झालेल्या दुकानातून घेतलेले अनेक खेळ नवे यंत्र घेऊन परत विकत मिळणार नाहीत.

यांत मुलाचा वाटाही विसरू नये. त्याने दोन वर्षे खेळून मिळविलेली प्रगती यंत्राच्या आतील स्मृतीत असते. निन्टेन्डो स्विचमध्ये ती बाहेरच्या मेमरी कार्डावर उतरत नाही. दुरुस्तीस देताना सगळे पुसले तरी चालेल का, असे कारागीर विचारतो व वडील खुशाल हो म्हणतात! वडिलांच्या दृष्टीने ते काहीच नसते. मुलाच्या दृष्टीने ते वहीचे भरलेले पान असते. उत्तर देण्यापूर्वी त्याला विचारावे. आणि खेळ बंदच करावयाचा असेल, परीक्षा जवळ आली असेल, तर तसे स्पष्ट सांगावे; बिघाडाच्या आडून ते करू नये. दुरुस्त होणारे यंत्र दुरुस्त होत नाही असे मुलाला सांगितले गेले आणि पुढे ते खरे नव्हते असे त्याला कळले, तर जे बिघडते ते कोणत्याही दुकानात नीट होत नाही. शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांना हे सांगण्याचे धैर्य शिक्षकांनी दाखविणे इष्ट आहे.

यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर मात्र कोणत्याही खाजगी कारागिराकडे नेण्याआधी पावती शोधावी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये खेळयंत्रे करणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांसह सहा कंपन्यांना ताकीद दिली होती, की चिकटपट्टी फाडली म्हणजे हमी संपली अशा धर्तीच्या अटी छापणे तेथील कायद्यात बसत नाही. आपल्याकडे अशा वादाला तोंड फुटण्याआधीच तो टाळणे शहाणपणाचे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तेथे शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळही सुरू केले. या सर्वांचा पाया एकच कागद : पक्की पावती. दोन हजार रुपये कमी पडतात म्हणून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले यंत्र बिघडले, की ते दोन हजार परत जातात.

अखेर दुरुस्ती होणार नाही असे ठरले, तर यंत्राचे काय करावे, एवढाच प्रश्न उरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमचा स्पष्ट समावेश आहे. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे अशा पट्ट्या जाळून व आम्लात बुडवून तांबे-सोने काढण्याचे काम हातमोज्यांवाचून चालत आले आहे. गावच्या भंगारवाल्याकडून निघालेली पेटी कोठे पोहोचेल, याचा अंदाज त्यावरून यावा. हातात धरावयाच्या यंत्राची बॅटरी फुगली असेल, तर ती टोचू नये, दाबू नये व उन्हात ठेवू नये. ती वेगळी नोंद करून नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावी. चांगला अडॅप्टर, चांगला दांडा, तारा व तबकड्या काढून ठेवाव्यात. कारागीर त्या भागांचे पैसे देतो. प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क काढता येते, ती काढून घ्यावी. प्लेस्टेशन ५ मध्ये साठवण पट्टीलाच जडविलेली असल्यामुळे ती काढता येत नाही. म्हणून मुलाचे खाते व त्याला जोडलेले वडिलांचे बँकेचे कार्ड मोबाईलवरून किंवा संगणकावरून त्या यंत्रापुरते रद्द करावे, आणि ते रद्द झाल्याचे पाहूनच पेटी दाराबाहेर काढावी.